मुक्कामी बसने न गेलेला निरोप

एका बाईला सोडलं तर ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. काही वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या एका दुकानात, चार लोकांसमोर, मला एक साधा प्रश्न विचारला गेला. त्याचं खरं उत्तर 'हो' असं होतं. मी 'नाही' म्हणालो. त्या शब्दाने माझी नोकरी वाचली. त्या बाईचं मात्र गावातलं नाव गेलं आणि घरातला मुलगाही दुरावला.

संपादकांनी मला खरं तर कार्डाच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. त्याही आहेत. चार-दोन सांगतो, कारण हा धंदा कसा चालतो ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी बँकेत आहे असं सोयरेधायरे म्हणायचे आणि मी त्यांना दुरुस्त करत नसे. वास्तविक मी बँकेचा कार्डवाला होतो. माझं टेबल बँकेत नव्हतंच, एका दुकानात होतं. शेतीचं आणि घरचं सामान विकणाऱ्या दुकानांची एक साखळी होती. फवारणीचे पंप, ताडपत्र्या, पाइप, बियाणं, कुकर, लोखंडी कपाटं, सगळं एका छताखाली. ब्रह्मपुरीला एक दुकान, सिंदेवाहीला एक, गडचिरोलीला एक. लोक त्याला नुसतं 'भांडार' म्हणत. या भांडाराने आणि आमच्या खासगी बँकेने मिळून एक क्रेडिट कार्ड काढलं होतं. हिरव्या रंगाचं, वर दोघांची नावं.

दोन नावांचं कार्ड म्हणजे दोन साडूंनी भागीत टाकलेलं दुकान समजा. गिऱ्हाईक एकाचं, पैसा दुसऱ्याचा. गिऱ्हाइकाने आज सामान न्यायचं, दुकानाला पैसे बँक देणार, आणि बिल आलं की गिऱ्हाइकाने बँकेला भरायचे. वेळेत भरले तर व्याज नाही. शिवाय प्रत्येक खरेदीवर पॉइंट. पॉइंट साठले की चित्रांच्या पुस्तकातली एखादी वस्तू फुकट. पहिल्या पानावर बादली, मग इस्त्री, मग कुकर, असं वाढत वाढत शेवटच्या पानावर मोठ्या वस्तू. धंदा चालतो आहे तोवर दोन्ही साडू पॉइंट आपलेच म्हणून मिरवतात. भागी मोडली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, शेवटी पाहायला मिळालं.

कार्ड फक्त पगारदाराला मिळायचं. आमच्या भागात पगारदार म्हणजे गुरुजी, ग्रामसेवक, वनरक्षक, नर्सबाई, आश्रमशाळेतली माणसं. मी मोटारसायकलवर फिरायचो. "आला कार्डवाला, खिसे सांभाळा रे," असं शाळेच्या व्हरांड्यातूनच ऐकू यायचं. सिंदेवाहीकडच्या एका गुरुजींनी कार्ड पावसात खराब होऊ नये म्हणून ते लॅमिनेट करून आणलं. ते मशीनमध्ये शिरेना. दुकानात सगळ्यांसमोर मी ब्लेडने त्याची साल काढत होतो आणि गुरुजी म्हणत होते, "सावकाश भाऊ, नवंच आहे." एक ग्रामसेवक होते. फुकटात मिळालेल्या कुकरची शिट्टी वाजत नाही म्हणून त्यांनी दुकानात असा तमाशा केला की शिट्टीची गरजच उरली नाही. "नागपूरले फोन लावतो! वर कळवतो!" त्यांना नवा कुकर मिळाला, वर एक इस्त्रीही मिळाली. ओरडणाऱ्याचं काम आधी होतं हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि नकळत तसंच वागायलाही लागलो.

सुमनबाई कधी ओरडल्या नाहीत.

त्या आश्रमशाळेत स्वयंपाकी होत्या, कायम नोकरी. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा विलास. गाव जंगलातलं, गोंड वस्तीचं, अलीकडे एक नाला. नाल्याला पूर आला की बस अलीकडच्या काठावरूनच माघारी फिरायची. कार्डाचा अर्ज भरताना मी त्यांना मोबाईल नंबर विचारला.

"नंबर आहे ना भाऊ. पण गावात टावर नाई. टेकडीवर चढा लागते, तवा कुठी एक काडी येते."

"मग बँकेचे मेसेज कसे कळतील तुम्हाला? बिल आलं, तारीख आली..."

"तुमचा लिहा ना. तुमाले मेसेज आला का मले सांगजा."

"मी कसा सांगणार?"

"मुक्कामी बस येते ना आमच्या गावाले. बंडूभाऊजवळ निरोप देऊन द्या."

बंडूभाऊ म्हणजे त्या बसचे कंडक्टर. गडचिरोलीहून संध्याकाळी निघायचे, बस गावात मुक्कामाला आणि सकाळी परत. मी अर्जावर माझा नंबर लिहिला. हे नियमाविरुद्ध होतं. ग्राहकाचा नंबर ग्राहकाचाच हवा. पण टॉवर नसलेल्या गावांत कार्ड विकायची दुसरी तऱ्हा नव्हती, आणि महिन्याचा आकडा तर भरायचा होता. सुमनबाईंसारखे बरेच ग्राहक मी त्या नंबरवर घातले. त्यासाठी एक वेगळा डब्बा फोन घेतला आणि तो दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. नागपूरला तेव्हा हे कोणी तपासत नसे.

पद्धत छान बसली. मेसेज आला की मी स्टँडवर जायचो आणि बंडूभाऊला तोंडी सांगायचो. तिकडे गावात बस थांबली की ते दारातूनच हाक द्यायचे, "ओ सुमनबाई, बिल आलं तुमचं! पंपाचं अन् पाइपाचं!" किती आलं तेही सांगायचे. बँकेच्या प्रशिक्षणात आम्हाला गोपनीयतेवर अख्खा दिवस शिकवलं होतं. इथे अख्खी बस बिल ऐकायची. पण त्यात एक चांगलं होतं. कार्ड सुमनबाईंचं असलं तरी खरेदी गावाची होती. कोणाला ताडपत्री हवी, कोणाला पंप, तर सगळे त्यांच्या कार्डावर घ्यायचे आणि मोहाचे, तेंदूचे, धानाचे पैसे आले की त्यांच्या हातात आणून द्यायचे. बिल बसमध्येच जाहीर होत असल्याने कोणाच्या मनात शंका राहत नसे. तारीख त्यांनी एकदाही चुकवली नाही.

पॉइंटही मग सगळ्या गावाचे झाले. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर धान भरडायची एक लहान गिरणी होती. गावात गिरणी नव्हती. बायका धान डोक्यावर घेऊन नाल्यापलीकडच्या गावी जायच्या. नाला भरला की घरी उखळात कांडायच्या. गावचे पाटील, दसरू पाटील, एकदा सुमनबाईंबरोबर ते चित्र पाहायला मुद्दाम दुकानात आले. चष्मा वर करून, चित्र नाकाजवळ नेऊन पाहिलं.

"हे चित्र खोटं त नाई ना?"

"नाही पाटील, खरी वस्तू आहे."

"आमच्या गावच्या लायनीवर चालन काय? आमची लाईन तशीच आहे, मरतुकडी."

"चालेल. घरगुती विजेवरच चालते."

"मंग बाई," ते सुमनबाईंकडे वळून म्हणाले, "आता गावात कोणाले सुई बी घ्याची असन त तुह्याच कार्डावर घेऊ."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. पॉइंट साठायला बराच काळ लागला.

मग एका उन्हाळ्यात आम्हा सगळ्या कार्डवाल्यांना नागपूरला बोलावलं. साहेबांनी एसी खोलीत थंडपणे सांगितलं की बँक या भागीतून बाहेर पडते आहे. भांडार दुसऱ्या बँकेशी बोलत होतं आणि आमच्या बँकेला हे कार्ड परवडत नव्हतं. परवडत का नव्हतं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडचे ग्राहक वेळेवर पैसे भरत होते. कार्डावर बँक कमावते ती उशिरा भरणाऱ्यांकडून, व्याजातून. तारखेच्या आत सगळं बिल भरणारी सुमनबाई आणि तिचं गाव हे बँकेच्या भाषेत बिनकामाचे ग्राहक होते.

"ग्राहकांना अधिकृत मेसेज जाईल," साहेब म्हणाले. "तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. कार्ड विकणंही थांबवायचं नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या फाइली स्वच्छ निघतील, त्यांना बँकेत दुसरीकडे सामावून घेऊ."

परतीच्या बसमध्ये मी माझ्या फाइलीचा विचार करत होतो. ड्रॉवरमधला डब्बा फोन डोळ्यांसमोर येत होता. माझी मुलगी तेव्हा बारावीत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सुमनबाई आणि दसरू पाटील दुकानात आले. पॉइंट पाहायचे होते. मी पाहिले. गिरणीपुरते झाले होते. पाटलांनी शेजारच्या अनोळखी गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारली.

"आजच सांगून ठेवू का दुकानात?" मी विचारलं. मनातून मला त्यांनी 'हो' म्हणावं असं वाटत होतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण माझ्या वाटण्याला काही किंमत नाही.

"आज नाई," पाटील म्हणाले. "नवं झाल्यावर."

त्यांच्याकडे नव्या धानाचा सण असतो, पंडुम म्हणतात. पोळ्यानंतर लवकर पिकणारं हलकं धान हाती आलं की ते आधी देवाला दाखवायचं, मग सगळ्या गावाने एकत्र खायचं. तोवर नवं धान तोंडात घालायचं नाही. गावाने ठरवलं होतं की गिरणीही त्यानंतरच गावात आणायची आणि तिच्यात पहिलं धान घालायचं ते नवंच. जुनं धान भरडून गिरणीचा मुहूर्त करायचा नाही.

सुमनबाई जाता जाता थांबल्या. "तवापर्यंत पॉइंट राहते ना भाऊ?"

मी म्हणालो, "पॉइंट काय पळून जातात बाई?"

त्या हसल्या. पाटील हसले. मीही हसलो.

इथवरचं मी साहेबांच्या हुकमावर ढकलू शकतो. तोंड उघडायचं नाही असं सांगितलं होतं, मी उघडलं नाही. पुढचं मात्र माझं एकट्याचं आहे.

श्रावणात एका दुपारी ड्रॉवर थरथरायला लागला. डब्बा फोनवर एकामागून एक मेसेज येत होते, सगळ्यांना एकच. भागीदारी संपत आहे, अमुक तारखेपर्यंत पॉइंट वापरा, नंतर ते रद्द होतील. आता तोंड उघडायला बंदी नव्हती. मी यादी डोळ्यांसमोर आणली आणि सगळ्यात आधी शिट्टीवाल्या ग्रामसेवकांना निरोप धाडला. मग एका मुख्याध्यापकांना, त्यांचे मेहुणे जिल्हा परिषदेत होते. मग एका वनपालांना. जे जे दुकानात येऊन टेबल बडवतील, त्या सगळ्यांना कळवलं. ते आले आणि कुकर, बादल्या, इस्त्र्या घेऊन गेले.

सुमनबाईंचा निरोप मी 'उद्या'वर टाकला. कारण सांगतो. गिरणी मोठी वस्तू. ती देण्याआधी बँकेतून नोंदवलेल्या नंबरवर फोन यायचा आणि खुद्द ग्राहकाशी बोलणं व्हायचं. बादलीला-कुकरला असा फोन येत नसे. एरवी मी तो कसाही निभावला असता. पण त्या महिन्यात नागपूरला प्रत्येकाची फाइल उलटीपालटी करून पाहत होते. सुमनबाईंचा फोन कार्डवाल्याच्या ड्रॉवरमध्ये का वाजतो, असं कोणी विचारलं असतं तर माझं तिथेच संपलं असतं. शिवाय साहेब म्हणाले होते, तारीख बहुतेक वाढेल. त्या 'बहुतेक'ला मी धरून बसलो.

मग पाऊस लागला, नाला भरला, बस काही दिवस बंद होती. मला बरंच वाटलं. पाऊस ओसरला तेव्हा स्टँडवर बंडूभाऊ भेटले. बस सुरू झाली होती. तारखेला अजून अवकाश होता.

"काही निरोप आहे काय सुमनबाईले?" त्यांनी आपणहून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

तारीख वाढली नाही.

नवं झाल्यानंतर दोन-तीन दिवसांनी ते आले. ट्रॅक्टरची ट्रॉली, तिला आंब्याची पानं आणि झेंडू बांधलेले. ट्रॉलीत दसरू पाटील, सुमनबाई, जनाबाई नावाची एक तोंडाळ म्हातारी, आणि पाच-सहा बायका. जनाबाईंच्या मांडीवर गडव्यात नवं धान होतं, गिरणीत घालायला. मी दुकानात होतो. आमच्या बँकेचा बोर्ड उतरवत होतो. दुसऱ्या बँकेचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

दुकानाचे मॅनेजर रामटेके यांनी कार्ड घातलं आणि पडद्याकडे पाहिलं. "बाई, यात पॉइंट नाहीत. शून्य आहेत."

"पुन्हा पाहा साहेब. यायनंच पाह्यले होते," सुमनबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"तारीख गेली बाई. बँकेनं मेसेज पाठवला होता ना तुमच्या मोबाईलवर. सगळ्यांना पाठवला."

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. आपल्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"भाऊ, तुमच्याजवळ आलता काय मेसेज?"

रामटेके माझ्याकडे पाहत होते. ते बँकेच्या लोकांशी रोज बोलायचे. माझ्या फाइलीचा निकाल त्याच आठवड्यात लागायचा होता.

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे काही आला नाही."

मग दसरू पाटील म्हणाले, "मंग गेले कुठी? इतके पॉइंट का हवेत उडाले?"

वस्तू आपोआप नाहीशी होते हे त्या गावात कोणाला पटणार नव्हतं, आणि का पटावं? धान कोठीतून कमी झालं तर उंदराने खाल्लं किंवा माणसाने नेलं. ते आपलं आपण रद्द होत नाही.

जनाबाई गडवा सावरत म्हणाल्या, "उन्हाळ्यात कपाट त आलं होतं बा एकाच्या घरी. याच दुकानातलं."

"ते रोखीनं घेतलं, जनाबाई," सुमनबाई म्हणाल्या. "विलासनं पैसे देल्ले."

"हो ना. अन् कार्ड कोण घेऊन आलता मंग तवा? विलासच ना?"

"कार्ड त त्यानं माहं बिल भराले आणलं होतं."

"आमाले काय माहीत, काय भराले आणलं होतं."

मी तिथेच उभा होतो, हातात पेचकस घेऊन. बोलायला भरपूर वेळ होता. बायका ट्रॉलीत चढल्या, कोणी सुमनबाईंना हात दिला नाही. त्या मागच्या फळीवर एकट्या बसल्या. झेंडू तसाच होता.

माझी फाइल स्वच्छ निघाली. मला चंद्रपूरला वसुलीच्या कामावर घेतलं. मुलीचं शिक्षण झालं. बँकेतली बाकीची वर्षं मी मन लावून काम केलं आणि दोनदा चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्रही मिळालं. दोन्ही बायकोने भिंतीवर लावली आहेत. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो, ते तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. अधूनमधून गडचिरोलीला गेलो की बंडूभाऊ भेटायचे, सांगायचे. सुमनबाईंना बचत गटाच्या अध्यक्षपदावरून काढलं. आता त्यांच्या कार्डावर कोणी काही घेत नाही. "तुम्हाला काय वाटते भाऊ, तिनंच खाल्ले असन काय?" बंडूभाऊंनी एकदा विचारलं. मी विषय बदलला.

नंतर नोकरी सोडून मी गडचिरोलीला आलो. अर्ज भरून द्यायचं लहानसं दुकान टाकलं, स्टँडजवळच. गेल्या वर्षी सुमनबाई मला स्टँडवर दिसल्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, पायाशी तांदळाचं पोतडं. मी निघून जाऊ शकलो असतो. पण त्यांनीच हाक मारली.

"काऊन भाऊ, ओळख नाई देत?"

शेजारी बसलो. इकडचं तिकडचं झालं. मी म्हटलं, "गावात गिरणी आली म्हणे बाई."

"आली ना. वर्गणी करून घेतली. मी बी देल्ली."

"मग हा तांदूळ?"

"इथी भरडून आणून राह्यली."

"एवढ्या लांब? गावात गिरणी असताना?"

"तिथं नाई नेत मी धान. तिथं गेली का कोणी ना कोणी म्हणतेच, पयली गिरणी कपाटात ठेवली काय बाई." त्या हसल्या. "मस्करीच करते म्हणा. पण रोज रोज कोण ऐकन?"

मी विलासचं विचारलं.

"हैदराबादले आहे. येत नाई." त्यांनी पोतडं पायाजवळ ओढलं. "माहीच चूक आहे भाऊ. मी त्याले देवापुढं शपथ घ्याले लावली. म्हणलं, कार्ड तुह्याजवळ होतं, तूच खाल्ले असन. तो म्हणे, आई, नाई खाल्ले. मी नाई मानलं. कसं मानू? तुमी त म्हणलं होतं, मेसेजच नाई आला. मंग पॉइंट जाईन कुठी? पोराशिवाय दुसरं होतं कोण?"

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांना माझा संशय आला असेल, मनातल्या मनात त्या मला शिव्या देत असतील. ते मला सोयीचं होतं, शिव्या खाल्ल्या की थोडं फिटतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि पोटच्या पोरावर ठेवला नव्हता.

मी सांगितलं. ड्रॉवर, मेसेज, शिट्टीवाले ग्रामसेवक, बंडूभाऊला दिलेलं उत्तर, दुकानातलं उत्तर, सगळं. त्या पायाशी पाहत ऐकत होत्या. माझं संपल्यावर उठल्या, पोतडं उचललं आणि दूरच्या बाकावर जाऊन बसल्या. माझ्याकडे पाठ करून. मी मागे गेलो. म्हणालो, "बाई, गिरणीची किंमत मी..."

"कायची किंमत?" त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. मी त्यांना मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "गिरणी आहे गावात. तुमची गिरणी घेऊन का डोक्यावर ठेवू?"

बस लागली. त्यांनी पोतडं आत ढकललं, पायरीवर एक पाय ठेवला आणि वळल्या.

"मले सांगून काय होते भाऊ? मले त माहीत आहे मी नाई खाल्ले. गावाले सांगा. येत्या नव्याला या. तवा सगळे असते. विलासले बी बोलावते. त्याच्यापुढं बोला."

"येतो," मी म्हणालो.

यंदाचं नवं नुकतंच झालं. त्या संध्याकाळी मी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून स्टँडवर गेलो. मुक्कामी बस लागलेली होती. चढलो, तिकीट काढलं. बंडूभाऊ आता निवृत्तीला आले आहेत. तिकीट फाडताना म्हणाले, "अरे वा! लय दिवसांनी आमच्या लायनीवर! काय काम काढलं?"

बसमध्ये त्या गावची माणसं होती. मागे कोपऱ्यात जनाबाई होत्या, अगदी वाकून गेलेल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते, सहज, कोण आहे म्हणून. "काही नाही, मुलीचा फोन येतोय," असं काहीतरी पुटपुटलो आणि उतरलो. फोन आलेला नव्हता. बस गेट ओलांडून वळेपर्यंत मी पाण्याच्या टाकीमागे उभा होतो, पन्नाशी उलटलेला माणूस.

त्या गावात आता टॉवर आहे. सुमनबाईंकडे माझा नंबर आहे, मीच दिला होता. पण त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बंडूभाऊ माझ्या दुकानाच्या दारात आले. आत चार गिऱ्हाइकं बसलेली. बसमधून द्यायचे तशीच हाक त्यांनी दारातून दिली.

"भाऊ, सुमनबाईचा निरोप आहे. विलास आलता. तुमी नाई आले."

ते चहालाही थांबले नाहीत. निरोपाचा अर्थ त्यांना कळला नव्हता. विचारलंही नाही. ते कधीच विचारत नसत, नुसता पोहोचवत.

हा अंक त्या गावात जात नाही. गेला तरी दसरू पाटलांचे डोळे आता गेले आहेत आणि जनाबाईंना वाचता येत नाही. तेव्हा इथे लिहून मी मोकळा झालो असं मी धरत नाही, कोणी धरूही नये. त्या गावापुढे, सुमनबाई आणि विलास समोर असताना, मला एवढंच म्हणायचं आहे की मेसेज आला होता, माझ्याकडे आला होता, आणि मी तो सांगितला नाही. ते मी अजून म्हटलेलं नाही.